डीएनए डेटाबेसवरून संशयिताचा शोध

गुन्ह्याच्या जागी सापडलेलं रक्त, थुंकी, वीर्य यातून डीएनए काढायचा आणि आधीच साठवून ठेवलेल्या प्रोफाइल्सशी जुळतोय का ते बघायचं, अशी ही तपासाची पद्धत. संशयित हातात असेल तर डेटाबेस लागतच नाही, त्याचं सॅम्पल घेऊन थेट ताडून बघतात. डेटाबेस लागतो तो पोलिसांकडे नावच नसतं तेव्हा.

प्रोफाइल म्हणजे अख्खी जनुकीय कुंडली असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं काही नसतं. डीएनएमध्ये ठरावीक जागी छोटे तुकडे परत परत येतात, ते किती वेळा येतात हे माणसागणिक बदलतं, तेवढेच आकडे नोंदवायचे. अमेरिकेच्या कोडिस या राष्ट्रीय डीएनए डेटाबेसमध्ये आधी अशा 13 जागा बघायचे, 2017 पासून 20. ब्रिटनचा राष्ट्रीय डेटाबेस 1995 चा.

जुळणी बहुतेक वेळा पक्की असते, घोळ होतो तो सॅम्पलमध्ये. ॲलेक जेफ्रीज यांनी 1984 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरला ही टेक्निक शोधली, आणि तिथल्याच दोन खुनांच्या तपासात आधी सुटला तो कबुली देऊन बसलेला एक निर्दोष पोरगा! मग पोलिसांनी गावोगावच्या पुरुषांचं रक्त तपासलं तर खऱ्या खुन्याने स्वतःच्या नावावर सहकाऱ्यालाच रक्त द्यायला पाठवलं, आणि तो सहकारी पबमध्ये हे बोलून गेला म्हणून 1987 मध्ये खुनी सापडला. जर्मनीत तर कितीतरी गुन्ह्यांत एकाच बाईचा डीएनए मिळत होता, वर्षानुवर्षं तिला शोधत होते, 2009 मध्ये कळलं की तो सॅम्पल घ्यायचे बोळे पॅक करणाऱ्या कामगार बाईचा आहे.

पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. मे 2024 च्या कल्याणीनगर पोर्शे अपघातात ससून हॉस्पिटलमध्ये गाडी चालवणाऱ्या मुलाच्या रक्ताचं सॅम्पलच बदललं असा पोलिसांचा आरोप आहे, आणि तो उघड झाला औंधच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये घेतलेल्या दुसऱ्या सॅम्पलच्या डीएनए टेस्टवरून. इथे डेटाबेसचा संबंध नव्हता, नुसती तुलना होती. पण डेटाबेसमध्ये असं चुकीचं सॅम्पल भलत्याच नावावर चढलं तर ते पुढच्या प्रत्येक शोधात तसंच चालत राहणार, म्हणून सील, लेबल, कुणी कुणाच्या ताब्यात दिलं याच्या नोंदी, ही कंटाळवाणी कामंच मला जास्त महत्त्वाची वाटतात.

भारतात डीएनए डेटा बँकेसाठी आणलेलं 2019 चं विधेयक सरकारने 2023 मध्ये मागे घेतलं. त्याआधीच 2022 च्या क्रिमिनल प्रोसिजर आयडेंटिफिकेशन कायद्याने जैविक नमुने घ्यायची मुभा दिली होती, रेकॉर्ड एनसीआरबीकडे, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे, 75 वर्षं राहतं. आधी शिक्षा झालेली नसेल आणि माणूस निर्दोष सुटला तर ते नष्ट करायचं, कोर्टाने वेगळं सांगितलं नाही तर. अटक झालेल्या माणसाला नमुना द्यायला नकार देता येतो, पण गुन्हा बाई किंवा मुलाविरुद्धचा असेल किंवा 7 वर्षं वा जास्त शिक्षेचा असेल तर नाही.