नव्या एसयूव्हीतली घरघर: कंपनीच्या टायरमागची पार्श्वभूमी

नवी एसयूव्ही घेऊन पहिल्यांदा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गेलं की 80 च्या पुढे एक सलग घरघर सुरू होते. ॲक्सिलरेटर सोडला तरी ती थांबत नाही, म्हणजे ती इंजिनाची नाही. मध्येच डांबराचा तुकडा लागला की आवाज एकदम बसतो, काँक्रीट आलं की परत चढतो. "कंपनीने स्वस्तातले टायर मारलेत" हा त्यावरचा नेहमीचा निकाल. तो अर्धाच बरोबर आहे. कारखान्यातून बसून येणारा टायर ज्या मोजमापांवर घडवला जातो, त्यांत केबिनमधल्या शांततेला कायद्याने कधी जागाच मिळालेली नाही. असं का झालं, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

आधी आवाजाबद्दल. टायरच्या नक्षीतले ठोकळे रस्त्यावर आपटतात, खाचांत कोंडलेली हवा दाबली जाऊन झटक्यात बाहेर पडते, आणि टायर व रस्ता यांच्यातली पाचरीसारखी फट कर्ण्यासारखी वागून तो आवाज मोठा करते. हा भाग साधारण 1000 हर्ट्झच्या आसपासचा. तो हवेवाटे, म्हणजे काचांतून, दारांच्या रबरांतून आत येतो. दुसरा भाग रिम, सस्पेन्शन आणि बॉडी असा धातूतून चढत येतो आणि मुख्यतः 500 हर्ट्झच्या खाली असतो. त्यातच टायरच्या पोकळीतल्या हवेचा स्वतःचा एक सूर असतो. 215/60 आर17 या मापात (रुंदी 215 मिमी, साइडवॉल म्हणजे टायरची बाजू रुंदीच्या 60 टक्के, रिम 17 इंची) रिमचा व्यास 432 मिमी आणि साइडवॉलची उंची 129 मिमी, म्हणजे पोकळीच्या मधोमध घेर भरतो सुमारे 1.76 मीटर. हवेतला ध्वनीचा वेग 343 मीटर प्रतिसेकंद धरला तर हा सूर 195 हर्ट्झला लागतो. खड्ड्यावरून किंवा जोडावरून जाताना पिंपावर थाप मारल्यासारखा जो पोकळ नाद येतो, तो हाच.

सेडानमध्ये डिकी वेगळी असते, मध्ये सीट आणि पत्र्याची भिंत असते. एसयूव्हीत सामानाची जागा थेट केबिनला उघडी, आणि मागच्या चाकांच्या कमानी त्याच पोकळीत घुसलेल्या. त्यामुळे मागच्या टायरचा आवाज या गाड्यांत जास्त जाणवतो. पुढच्या सीटवर बसून हे पुरतं कळत नाही, म्हणून टेस्ट ड्राइव्हला एकदा मागे बसावंच.

हवेचा टायर मुळात आला तो हादऱ्यांवर उपाय म्हणून. जॉन बॉइड डनलॉप यांनी 1888 मध्ये बेलफास्टला सायकलसाठी तो बनवला. पुढची अनेक दशकं टायरमधले धागे तिरके, एकमेकांवर आडवे जाणारे असत. 1946 मध्ये मिशेलँ (Michelin) या फ्रेंच टायर कंपनीने रेडियल रचनेचं पेटंट घेतलं आणि 1949 मध्ये तो टायर बाजारात आणला. धागे आडवे, थेट एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि नक्षीखाली पोलादी पट्टा. आयुष्य वाढलं, पकड सुधारली, इंधन वाचू लागलं. पण त्या ताठ पट्ट्यामुळे कमी वेगात रस्त्याचे बारीक ठोके गाडीत जास्त पोचू लागले, आणि जुन्या सस्पेन्शनवर नुसता रेडियल चढवून भागेना. मोटार कंपन्यांना सस्पेन्शनच्या सांध्यांत जास्त मऊ रबरी बुश द्यावे लागले. टायर आणि गाडी एकमेकांसाठी जुळवून घ्यायची पद्धत इथे पक्की झाली, आणि 'कंपनीचा टायर' ही आजच्या अर्थाची गोष्टही इथूनच सुरू होते.

नक्षीच्या आवाजावरचा उपाय त्याआधीपासून ठाऊक होता: सगळे ठोकळे एकाच लांबीचे न ठेवता तीन-चार लांब्यांचे करून ते बेतालपणे मांडायचे. म्हणजे एकच शिट्टी न वाजता आवाज अनेक सुरांत विखुरतो. एकूण आवाज फारसा घटत नाही, पण कानाला तो बोचत नाही. आजही टायर हातात घेऊन पाहिला तर ठोकळ्यांची ही लहानमोठी लांबी दिसते.

1973 च्या तेलसंकटानंतर टायरला नवं काम लागलं, इंधन वाचवण्याचं. साध्या मोटारीच्या इंधनापैकी ढोबळमानाने पाचवा हिस्सा टायर फिरताना वाकण्या-सरळ होण्यात खर्च होतो. पण हा लोळण-रोध कमी करावा तर ओल्या रस्त्यावरची पकड घटते, पकड वाढवावी तर झीज वाढते. हा पेच बऱ्यापैकी सुटला तो 1992 मध्ये, मिशेलँने कार्बन ब्लॅकच्या (काजळीसारख्या काळ्या भुकटीच्या) जागी मोठ्या प्रमाणात सिलिका (वाळूतल्या द्रव्याची बारीक भुकटी) घातलेलं रबर आणलं तेव्हा. पेचाची तीन टोकं मात्र रोध, पकड आणि झीज अशीच मानली गेली. आवाज चौथा, आणि तो कायम वाटाघाटीत मागे पडणारा.

एसयूव्हीच्या टायरचा सगळ्यात महागडा धडा अमेरिकेत मिळाला. फोर्ड एक्सप्लोररवर बसणारे फायरस्टोनचे टायर वेगात असताना सोलून निघत, गाड्या उलटत. ऑगस्ट 2000 मध्ये लाखो टायर परत मागवले गेले. या गाडीसाठी फोर्डने शिफारस केलेला दाब होता 26 पीएसआय. कमी हवेने गाडी मऊ चालते, पण टायर जास्त वाकतो आणि तापतो. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला आणि पुढे टायरमधल्या हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा तिथल्या नव्या गाड्यांत सक्तीची झाली. घरघर कमी करायला हवा कमी भरण्याचा सल्ला आजही सर्रास दिला जातो. तो देणाऱ्याने हे प्रकरण जरूर आठवावं.

भारतात विलिस जीपवर 6.00-16 मापाचे, जुन्या तिरक्या धाग्यांचे टायर असत. ते आवाज भरपूर करत, पण इंजिन आणि कापडी हूड त्याहून जास्त करत. मारुती 800 चा टायर 145/70 आर12, म्हणजे जेमतेम 145 मिमी रुंद. आजच्या मध्यम एसयूव्हीला 215 मिमीचा, मोठ्या एसयूव्हीला 235 मिमीचा बसतो. रुंदी वाढली की कोंडणारी हवा आणि आपटणारं रबर दोन्ही वाढतं. दरम्यान इंजिनं शांत झाली आणि विजेच्या गाड्यांत तर इंजिनच उरलं नाही. आवाज झाकणारा आवाजच गेल्यावर टायर उघडा पडला.

त्याच वेळी इंधनाच्या नियमांचा फास आवळत गेला. कंपनीच्या सगळ्या गाड्यांची मिळून कार्बन डायऑक्साइडची सरासरी मर्यादा 2017-18 पासून किलोमीटरला सुमारे 130 ग्रॅम आणि 2022-23 पासून सुमारे 113 ग्रॅम झाली. चाचणीत गाडी रोलरवर चालते, पण रोलरने किती ओढ द्यायची हे गाडी मोकळी सोडून मोजलेल्या घरंगळण्यावरून ठरतं, आणि त्यात टायरचा रोध येतोच. म्हणून मोटार कंपनी टायर कंपनीला जो तक्ता देते त्यात लोळण-रोध, वजन आणि किंमत ठळक असतात. परिणामी नक्षीचं रबर पातळ, साइडवॉल हलकी, मिश्रण कडक. बाजारात त्याच नावाने मिळणारा टायर आतून वेगळा असू शकतो. कंपनीचा टायर टाकाऊ असतो असं यातून मुळीच ठरत नाही. मायलेजच्या आकड्यात त्याचा वाटा असतो, आणि बदलल्यावर मायलेज थोडं घटलं तर नवल वाटू नये.

मग आवाजाचे नियम काय मोजतात? संयुक्त राष्ट्रांच्या 117 क्रमांकाच्या नियमात गाडी 80 च्या वेगात इंजिन बंद करून घरंगळत नेतात आणि मार्गाच्या मध्यरेषेपासून 7.5 मीटरवर ठेवलेले मायक्रोफोन आवाज टिपतात. मोटारीच्या टायरची मर्यादा रुंदीप्रमाणे 70 ते 74 डेसिबल. युरोपात नोव्हेंबर 2012 पासून टायरवर लेबल आलं, त्यावर हाच आकडा छापतात. भारतात एआयएस-142 हे मानक आलं. जून 2022 च्या अधिसूचनेने ते नव्या नमुन्याच्या टायरना ऑक्टोबर 2022 पासून आणि चालू नमुन्यांना 2023 पासून लागू केलं. हे सगळं मोजमाप रस्त्याकडेला राहणाऱ्यांच्या कानांसाठी आहे, आणि ते रास्तही आहे. पण बॉडीतून चढणारा 200 हर्ट्झचा नाद त्या मायक्रोफोनला कळत नाही. लेबलवर 2 डेसिबल कमी म्हणजे केबिन तेवढीच शांत होईल, असा हिशेब करता येत नाही.

म्हणून नवे टायर काढून टाकण्याआधी काही गोष्टी तपासाव्यात. वाहतुकीसाठी टायरमध्ये जास्त हवा भरलेली असते आणि डिलिव्हरीच्या गडबडीत ती कधी तशीच राहते. चालकाच्या दाराच्या खांबावरचा आकडा पाहून, गाडी किमान तीन तास उभी असताना दाब मोजावा. महामार्गावर धावल्यावर तो 3 ते 5 पीएसआय वाढतो. तापलेल्या टायरमधून हवा काढू नये. साइडवॉलवरचे चार अंक पाहावेत: 3624 म्हणजे 2024 च्या 36 व्या आठवड्यात बनलेला.

काही हजार किलोमीटरनंतर आवाज वाढत गेला तर नक्षीवरून तळवा पुढे-मागे फिरवावा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखं बोचत असेल तर ठोकळे तिरके झिजताहेत. कारणं बहुधा दोनच: अलाइनमेंट बिघडलेलं किंवा टायरची अदलाबदल वेळेवर न केलेली. 8 ते 10 हजार किलोमीटरला पुढचे-मागे फिरवावेत. नक्षीवर दिशेचा बाण असेल तर त्याच बाजूला ठेवून. पुढचे मागे गेल्यावर आवाजही मागे सरकला तर दोष टायरचा. रस्त्याचा पृष्ठभाग बदलूनही घोंगावणं तसंच राहत असेल आणि डाव्या वळणात वाढत असेल, तर उजव्या चाकाचं बेअरिंग आधी तपासावं, कारण डाव्या वळणात वजन उजवीकडे जातं.

बदलायचेच ठरले तर मूळ माप, आणि भारांक मूळच्याहून कमी नको: 96 म्हणजे एका टायरवर 710 किलो. मोठा रिम आणि पातळ साइडवॉल घेतली की ठोके वाढतात. मोठ्या, विरळ ठोकळ्यांची ऑफ-रोड नक्षी डांबरावर हमखास गुरगुरते. आतून फोम चिकटवलेले टायर पोकळीचा सूर चांगला दाबतात, पण पंक्चर काढताना आतून पॅच मारायचा तर तेवढ्या जागचा फोम कापावा लागतो, हे पंक्चरवाल्याला आधी सांगावं. दारांत चिकटवलेल्या डॅम्पिंगच्या शीट दाराच्या पत्र्याची थरथर कमी करतात. चाकांवाटे बॉडीत चढणाऱ्या घुमण्यावर त्यांचा फारसा उपयोग नाही. चाकांच्या कमानीत प्लास्टिकऐवजी फेल्टचं अस्तर हा त्याहून कामाचा खर्च.

एवढं करून जे उरतं ते रस्त्याचं. पावसात घसरू नये म्हणून ओल्या काँक्रीटवर आडव्या खाचा ओढतात. त्या सारख्याच 20 मिमी अंतरावर असल्या तर 100 च्या वेगात सुमारे 1400 हर्ट्झची शिट्टी वाजते, कोणताही टायर असो. खाचा कमी-जास्त अंतरावर असत्या, किंवा पृष्ठभाग हिऱ्याच्या पात्यांनी लांबीच्या दिशेने घासला असता, तर तोच रस्ता बराच शांत झाला असता. शिवाय काँक्रीटच्या लाद्यांमध्ये साधारण साडेचार मीटरवर जोड असतात. समृद्धी महामार्गावर 100 ने जाताना सेकंदाला सहा वेळा येणारी धपधप ही त्या जोडांची, आणि ती टायर बदलून जाणार नाही.