बाईंच्या प्लेटा आणि उरलेल्या नऊ प्रिंट : वादामागची पार्श्वभूमी

चिपळूणच्या आमच्या ड्रॉइंगच्या बाई गेल्यावर त्यांच्या प्लेटांवरून उरलेल्या प्रिंट काढाव्यात का, आणि काढल्या तर त्यांना बाईंचा नंबर द्यावा का, यावरून सध्या जी चर्चा चाललीय त्यात मागचं बरंच गळतंय, म्हणून लिहितेय. थोडक्यात, लिनोकट म्हणजे लिनोलियमवर कोरून वर उरलेल्या भागाला शाई लावून काढलेला छाप, आणि एचिंग म्हणजे धातूच्या प्लेटवर ॲसिडने रेषा खोदून, त्यात शाई भरून, वरची पुसून प्रेसमधून काढलेला छाप.

बाई मूळच्या गुहागरकडच्या, मुंबईत शिकल्या, मग एटीडी (कला शिक्षकाची पदविका) करून इकडे शाळेत लागल्या. सुरुवातीला प्रेसच नव्हता. लिनो कापायचा, शाई फिरवायची आणि कागद मागून स्टीलच्या चमच्याने घासून छाप काढायचा, वर्गातल्या पोरींनाही तेच शिकवलं. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांची तयारी शाळा सुटल्यावर, फुकट. १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तसं मुंबईहून कागद न् झिंकच्या प्लेटा आणणं सोपं झालं, लेथवाल्याकडून दोन रोलरचा प्रेस करून घेतला, आणि दाभोळ खाडीची सगळी मोठी एचिंग त्यानंतरची. मुंबईत राहिल्या असत्या तर नाव झालं असतं असं लोक म्हणतात, पण मग ही खाडी कुणी काढली असती?

आता एडिशनचं, म्हणजे एका प्लेटच्या एकूण किती प्रिंट काढायच्या त्या ठरवलेल्या आकड्याचं. बाई प्रत्येक प्लेटला पंधराची एडिशन ठरवायच्या, पण पंधरा एकदम कधीच काढल्या नाहीत. कागद महाग, घेणारे कमी. खाडीच्या मोठ्या प्लेटच्या सहाच काढल्या, खाली पेन्सिलने डावीकडे १/१५, २/१५ असे नंबर, उजवीकडे सही, बाकीच्या लागतील तशा काढू. बरेच प्रिंटमेकर असंच करतात, यात लपवाछपवी काही नाही. एडिशन पूर्ण झाली की प्लेटवर रेघ ओढून ती रद्द करतात, तेही म्हणूनच राहिलं.

बाई गेल्या आणि मग २२ जुलै २०२१चा पूर आला. घरातल्या कपाटातल्या प्रिंटचा लगदा झाला, लिनोचे ब्लॉक फुगून वाकडे झाले. झिंकच्या प्लेटा वाचल्या, कारण पांढरे डाग धरू नयेत म्हणून पावसाळ्याआधी दरवर्षी ग्रीसचा हात, वर बटर पेपर, वर प्लॅस्टिक ही बाईंची शिस्त, आणि ती घरच्यांनी मोडली नव्हती.

पुरानंतर माजी विद्यार्थिनींनी छापायला घेतलं तिथे वाद सुरू झाला. काहींचं म्हणणं, पंधराचा शब्द बाईंनीच दिलाय, तर ७/१५ पासून पुढे नऊ पूर्ण करा, आकडा ओलांडत नाही. बाकीच्या म्हणतात नंबर नको, मागे 'मरणोत्तर' आणि छापल्याचं वर्ष असा शिक्का मारा. मी शिक्क्याच्या बाजूची. एचिंगमध्ये शाई पुसण्यातच अर्धं काम असतं. बाई खाडीच्या पाण्यावरची शाई पूर्ण पुसायच्या नाहीत, शेवटचा हात नुसत्या तळव्याने, त्यामुळे पाण्याला करडी झाक यायची. आम्ही छापतो तेव्हा तेच पाणी पांढरंफेक येतं. त्याला सातवा नंबर दिला तर ज्यांच्याकडे पहिल्या सहा आहेत त्यांचीही फसवणूक होते. आणि छापूच नका म्हणणाऱ्यांना एकच सांगते, पुरानंतर या भागात त्यांचं काम बघायला दुसरं काही उरलेलं नाही.

प्लेटा सध्या शाळेच्या लॅबमध्ये आहेत. बाई रिटायर झाल्यावर त्यांची जागा भरलीच नाही, २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातही सहावी ते आठवीला कलेसाठी अर्धवेळ निदेशकच (पूर्णवेळ शिक्षक नाही), तोही पट शंभराच्या वर असेल तरच. म्हणजे मेमध्ये ग्रीस कोण लावणार ते आधी ठरवायला हवं, आणि कुठल्या प्लेटच्या किती निघाल्या त्याची यादी झाल्याशिवाय पुढची एकही प्रिंट काढू नये.