राजद्रोहाच्या कलमाखाली वाढलेला उपरोध

1897 साली टिळकांना ‘केसरी’तील लिखाणावरून 18 महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी कलम 124 अ मधल्या ‘अप्रीती’चा अर्थ लावला तो असा: प्रीतीचा अभाव. थोडक्यात, सरकारवर प्रेम नसले की राजद्रोह झाला. पुढच्याच वर्षी हे कलम दुरुस्त करून आणखी आवळले गेले आणि त्याच 1898 च्या मार्चमध्ये शिवराम महादेव परांजपे यांनी पुण्यात ‘काळ’ साप्ताहिक सुरू केले. प्रेम सक्तीचेच आहे ना, मग ते इतके ऊतू जाऊ द्यावे की वाचणाऱ्याला हसू फुटावे, हा त्यांचा खाक्या.

हे शस्त्र परांजप्यांनी शोधलेले नव्हते. व्याजस्तुती, म्हणजे स्तुतीच्या आडून निंदा, संस्कृत अलंकारशास्त्रात जुनीच. पण मराठी माणसाला ती शास्त्रातून नव्हे, कीर्तन-भारुडांतून भेटली. एकनाथांच्या भारुडातली सून भवानी आईला रोडग्याचा नवस बोलते आणि त्या बदल्यात सासरच्या एकेकाला उचलायला सांगते. शेवटी घरात आपण एकटीच राहू दे, एवढेच मागणे. ऐकणारे पोट धरून हसतात. कोणी हे घर म्हणजे देह आणि सासरची मंडळी म्हणजे विकार असे समजतो, कोणाला देवाशी घासाघीस करणाऱ्या आपल्याच नवसांची आठवण होते. नाथ कोणाला काही बजावत नाहीत. लेकी बोले सुने लागे ही रीत इथे फार आधी मुरलेली होती.

छापखाना आल्यावर ही रीत वादाच्या गद्यात उतरली. लोकहितवादींनी 1848 पासून ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रे लिहिली, पण त्यांचा पिंड सरळ फटकारण्याचा. उपरोधाला गद्यात ऐट आणली ती विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी, 1874 ला सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त. मेकॉले आणि जॉन्सन हे इंग्रज लेखक मुरवलेली त्यांची भाषा आजही वाचताना मोहात पाडते. मात्र त्यांचे शालजोडीतले ज्यांच्यावर पडले त्यांत जोतीराव फुलेही होते, आणि तिथे शास्त्रीबोवा मुद्दा सोडून व्याकरण धरून बसले. समोरच्याचे म्हणणे काय आहे याऐवजी त्याला धड लिहिता येत नाही, यावर हशा मिळवायचा. त्याने आधीच आपल्या बाजूला असलेला वाचक खूश होतो, पलीकडचा एकही इकडे येत नाही. फुल्यांचा हातही या कामात काही कमी नव्हता. 1885 मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण आले तेव्हा त्यांनी पाठवलेल्या नकाराच्या पत्रातले ‘घालमोडे दादा’ अजून लोकांच्या तोंडी आहेत.

या सगळ्या मंडळींत मला सर्वांत धारदार वाटते ते बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे लिखाण. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला भ्रूणहत्येबद्दल 1881 मध्ये शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांत बायकांच्या बदफैलीपणावर प्रवचने झडू लागली. ‘पुणेवैभव’ त्यात पुढे होते. ताराबाईंनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे छोटे पुस्तक छापून उत्तर दिले. त्यांची युक्ती साधी आहे. पोथ्यांनी बायकांना लावलेला एकेक दुर्गुण त्या उचलतात आणि पुरुषांच्या अंगावर बेतून दाखवतात. नवरा देव, हे त्या घटकाभर मान्यही करतात आणि मग या देवांचे वागणे मोजायला बसतात. सावित्री नवऱ्यासाठी यमापर्यंत गेली. बायकोचा प्राण परत आणायला यमाच्या दरबारी राहोच, त्या वाटेवर तरी कोणी गेल्याचे ऐकले आहे का, असे विचारतात. यात शिवी नाही की किंचाळणे नाही. ‘हो’ म्हणावे तर खोटे आणि ‘नाही’ म्हणावे तर आपणच उघडे, असा प्रश्न आहे. पुस्तकावर टीका झाली तेव्हा फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेतून ताराबाईंची बाजू घेतली.

ताराबाईंना सांभाळायचे होते ते समाजाला. परांजप्यांच्या लिखाणावर सरकारचे भाषांतरखाते बसलेले होते. देशी पत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी सारांश दर आठवड्याला वर जात. ‘काळ’मधला लेख बहुधा पुराणातल्या एखाद्या कथेपासून, नाही तर परदेशातल्या घडामोडीपासून सुरू होई, राज्यकर्त्यांच्या दयाळूपणाचे गोडवे गाई, आणि वाक्याचा शेवट वाचकावर सोडून देई. भाषांतरात उरे ती नुसती स्तुती. तिच्यातला खवचटपणा सिद्ध करायचा तर सरकारी वकिलानेच उभे राहून सांगायला हवे की, महाराज, सरकारला दयाळू म्हटले की इथले लोक हसतात. वक्रोक्तीने केलेली ही गोची तब्बल दहा वर्षे टिकली.

ती सुटली 1908 मध्ये. मुझफ्फरपूरला क्रांतिकारकांनी टाकलेल्या बॉम्बनंतरच्या लिखाणावरून परांजप्यांवर खटला होऊन 19 महिन्यांची शिक्षा झाली. त्यांच्या मदतीसाठी मुंबईत असलेल्या टिळकांनाही तिथेच अटक झाली. टिळकांनी आपल्या खटल्यात मराठी लेखांच्या सरकारी भाषांतरावर किती तरी वेळ घालवला. ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी. निकालही सात विरुद्ध दोन असाच लागला. 1910 च्या प्रेस ॲक्टने पुढचे काम सोपे केले. त्यात वाक्याचा अर्थ सिद्ध करत बसायला नको, भरभक्कम जामीन मागितला की पुरे. ‘काळ’ त्याच वर्षी बंद पडला. त्यातल्या निवडक निबंधांचे खंडही पुढे सरकारजमा झाले, ते 1937 मध्ये काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर मोकळे झाले.

आज ते निबंध उघडले तर पानोपानी अडखळायला होते. कोणत्या गव्हर्नराच्या कोणत्या भाषणाला टोमणा मारला आहे, हे तळटीप असल्याशिवाय कळत नाही, आणि टीप वाचून होईपर्यंत हसू निघून गेलेले असते. ताराबाईंचे पुस्तक तर जवळजवळ विसरलेच गेले होते. स. गं. मालशे यांनी ते 1975 मध्ये पुन्हा छापले. त्याला मात्र टिपा फारशा लागल्या नसत्या तरी चालले असते, कारण टोमणे ज्यांना होते ते नवरे अजून गावोगाव आहेत.