सुक्या मसाल्याचा छोटा ग्राइंडर: वॅटची चढाओढ आणि 30 मिनिटांचा घोळ

मिक्सर घरात असतानाही दाण्याच्या कुटासाठी, वेलदोड्याच्या पुडीसाठी वेगळा छोटा ग्राइंडर घ्यावा का, हा प्रश्न पडतो, कारण मिक्सर मुळात या कामासाठी घडलाच नव्हता. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या एका अभियंत्याच्या घरी जर्मन बनावटीचा मिक्सर जळाला. दुरुस्तीची सोय इथे नव्हती, म्हणून त्यांनी भारतीय वाटण पेलेल अशी मोटर स्वतः बसवली. भिजवलेली डाळ आणि ओले खोबरे बारीक व्हावे, हा तिचा उद्देश. सुक्याचे भांडे आणि चटणीचे भांडे ही त्याच मोटरवरची जोडणी.

पाटा-वरवंटा आणि खलबत्ता मागे पडले ते इथून. वर्षाचा मसाला मात्र कांडपावरच राहिला. मुंबईत आजही उन्हाळ्यात लालबागच्या मसाला गल्लीत त्यासाठी गर्दी होते. हळकुंडे तिकडेच द्यावीत, घरगुती पात्याचे ते काम नाही.

नंतर चढाओढ लागली ती वॅटची. 500 वरून 750, मग 1000. इडलीच्या पिठाला त्याचा उपयोग आहे. दोन चमचे जिरे-धणे दळताना मात्र पूड रुंद भांड्याच्या कडेला जाऊन चिकटते आणि पाते मधल्यामध्ये रिकामे फिरते. तिथे लागते अरुंद वाटी आणि तळालगत बसलेले पाते. कॉफीच्या बिया दळणारी 150-200 वॅटची यंत्रे म्हणूनच सुक्या मसाल्याला पुरतात.

सगळ्यात जास्त गैरसमज आहे तो मिक्सरच्या तळाशी छापलेल्या ‘30 मिनिटे’ या शब्दांबद्दल. काही दुकानदार सांगतात, अर्धा तास सलग चालवा. काही गिऱ्हाइके समजतात, वापरानंतर अर्धा तास विश्रांती द्यायची. दोन्ही चूक. मिक्सरच्या अनेक माहितीपत्रकांत त्याचा खुलासा असतो: 5 मिनिटे चालू, 2 मिनिटे बंद, अशा फेऱ्यांनी अर्ध्या तासाचे काम. छोट्या ग्राइंडरला तर हा हिशेबही लागू नाही. त्यातल्या अनेकांच्या पत्रकात सलग एका मिनिटाची किंवा त्याहूनही कमी मर्यादा असते. ती न पाहता मिक्सरच्या सवयीने बटण दाबून धरले की आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, जळते आणि ‘माल हलका होता’ असा शेरा मिळतो. हे अन्यायाचे आहे. विकणाऱ्याने ही मर्यादा खोक्याच्या दर्शनी बाजूला, मराठीतही, छापायला हवी.

कुटाच्या बाबतीत ही मर्यादा आणखी महत्त्वाची. शेंगदाण्यात जवळपास निम्मे तेल असते, सुक्या खोबऱ्यात त्याहूनही जास्त. पाते सलग फिरले की उष्णतेने तेल सुटते आणि कुटाचा गोळा होतो. दाणे भाजून पूर्ण गार करावेत, वाटी निम्मीच भरावी, बटण थांबत थांबत दाबावे. काजू-बदामालाही हेच.

गेल्या दोनेक दशकांत उलट्या बाटलीसारखी, वरून दाबून फिरवायची यंत्रे आली. दूरचित्रवाणीवरच्या लांबलचक जाहिरातींनी ती घराघरांत पोचवली. मिल्कशेकला ती उत्तम, पण त्यांच्या रबरी कड्यात मसाल्याचा वास मुरतो, आणि गरम जिन्नस टाकला तर आत वाफ कोंडते. वाटी न निघणाऱ्या कॉफी ग्राइंडरची अडचण वेगळी: ती पाण्याखाली धरता येत नाही, तांदूळ फिरवून आणि पुसून घ्यावी लागते. म्हणून मसाला रोजचा असेल, तर स्टीलची सुटी निघणारी वाटी असलेले यंत्र घ्यावे, चार पैसे जास्त पडले तरी.

अलीकडे कार्बन ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरी मिक्सरमध्ये येऊ लागल्या आहेत. चार्जिंगवर चालणारी चिमुकली यंत्रेही मिळतात. लसूण-मिरची त्यांत होते, पण दालचिनी किंवा सुंठ नाही.