ते वाकडं तोंड, वीतभर आतड्यातलं

भाची डीएमएलटी करते, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळेच्या कामाचा डिप्लोमा. परवा घोकंपट्टी चालू असताना तिचं मोठ्याने म्हणणं कानावर आलं, "ॲन्सायलोस्टोमा ड्युओडेनेल."

"टीव्हीवर शेवटच्या भागाला काय म्हणतात गं? ग्रँड फिनेल?"

"फिनेल फरशीला, मामा. फिनाले!"

"मग तुझ्या जंताच्याही शेवटी 'आले' लाव. डुओडेनाले."

हा जंत म्हणजे अंकुशकृमी, डॉक्टरांच्या बोलण्यातला हूकवर्म. जेमतेम सेंटिमीटरभर लांब, पण आतड्याच्या अस्तराला चावून बसतो आणि एकेक कृमी दिवसाला साधारण 0.2 मिलीलीटर रक्त घालवतो. शंभर कृमी असले तर रोज चार चमचे! पंडुरोग होतो तो त्यामुळे. मिलानचे डॉक्टर अँजेलो दुबिनी यांना तो 1838 मध्ये एका शेतकरी बाईच्या शवविच्छेदनात दिसला आणि 1843 मध्ये त्यांनी त्याचं बारसं केलं.

नावाचा पहिला तुकडा ग्रीक 'अंकुलोस', म्हणजे वाकडा. आपला 'अंकुश' त्याच मुळातला, जहाजाचा 'अँकर'ही त्यांचाच भाऊबंद. म्हणजे ज्याने कुणी हूकवर्मला अंकुशकृमी म्हटलं, त्याने नकळत दूरच्या चुलतभावालाच हाक मारली. पुढचा 'स्टोमा' म्हणजे तोंड. पानावरची सूक्ष्म छिद्रं शाळेत 'स्टोमाटा' म्हणून शिकलो, तोच शब्द. पुष्कळांना वाटतं, अंकुश म्हणजे त्याचे दात. दात आहेतच, पण वाकडेपणा आहे तो पुढच्या टोकाचा. डोकं पाठीकडे मुरडलेलं असतं.

मग 'अँकिलो' म्हणायचं की 'ॲन्सायलो'? ग्रीकमधला 'क' लॅटिनच्या वाटेने इंग्रजीत आला की काही स्वरांपुढे त्याचा 'स' होतो. 'कुक्लोस'ची सायकल झाली ती अशीच. पण अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस या पाठीच्या दुखण्यात तोच शब्द 'क' राखून बसलाय. प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता स्पेलिंगबाबत कडक आहे, उच्चाराबाबत गप्प. तेव्हा दोन्ही चालतं.

आता माझा लाडका भाग, ते शेवटचं 'आले'. लॅटिनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत आणि विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. ग्रीक 'स्टोमा' नपुंसकलिंगी, आपलं 'तोंड'ही नपुंसकलिंगी. म्हणून ते डुओडेनाले. जिआर्डिया हा आतड्यातलाच एकपेशीय परजीवी, पण त्याचं नाव स्त्रीलिंगी. म्हणून ती जिआर्डिया डुओडेनालिस. अंकुशकृमीची दुसरी जात नेकॅटर, म्हणजे मारेकरी, पुल्लिंगी. म्हणून तो नेकॅटर अमेरिकॅनस. (पुल्लिंगी नावापुढेही 'डुओडेनालिस'च आलं असतं. या गटातल्या विशेषणांत तो आणि ती यांचं रूप एकच असतं, 'ते' तेवढं वेगळं. 'अमेरिकॅनस'चा गट निराळा, तिथे तिन्ही रूपं वेगळी. इथे भाचीने जांभई दिली.) इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे पाठ करावं लागतं. हिंदीवाल्याकडेही नपुंसकलिंग नाही. आपण मात्र 'वाकडं तोंड'मधला अनुस्वार लहानपणापासून बिनचूक लावत आलोय.

राहिला 'डुओडेनम', आपलं आद्यांत्र, म्हणजे लहान आतड्याचा पहिला तुकडा. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ बाराबारा, 'डुओडेकिम' आणि 'द्वादश' ही एकाच घरातली. बारा कशाचे? बोटांचे. इसवी सनापूर्वी तीनशेच्या सुमारास अलेक्झांड्रियात हेरोफिलस या ग्रीक वैद्याने आतड्याचा हा तुकडा बारा बोटं रुंदीइतका लांब म्हणून त्याला तसं नाव दिलं. बारा अंगुळं म्हणजे आपल्याकडे एक वीत. अख्ख्या नावाचं मराठी झालं 'वीतभर आतड्यातलं वाकडं तोंड'. परीक्षेत हे लिहू नकोस, एवढं भाचीला बजावलं.

एवढ्यात आतून आईचा आवाज आला, "गोड खाऊ नका रे जास्त, जंत होतात." गुळा-साखरेतून अंकुशकृमी येत नाही. विष्ठेतल्या अंड्यांतून ओलसर मातीत अळ्या निघतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. तिथून रक्तावाटे फुप्फुसात, मग श्वासनलिकेतून वर घशात, आणि गिळल्या गेल्या की आतड्यात. हा चोरदरवाजा कैरोत आर्थर लोस या जर्मन शास्त्रज्ञाच्या हातावर अळ्यांचं पाणी सांडलं, तेव्हा उघडकीला आला. 'पोट डिटॉक्स करणारे' काढे विकणाऱ्यांच्या जाहिरातींत चपलेचा उल्लेख मी अजून पाहिलेला नाही.

"पण मामा," भाची पुस्तकात बोट घालून म्हणाली, "इथे लिहिलंय की तो मुख्यतः आद्यांत्राच्या पुढच्या तुकड्यात, मध्यांत्रात राहतो. मग डुओडेनाले का?"

बारशाच्या वेळी पत्ता चुकला. नाव बदलायला संहितेत ते कारण चालत नाही.