मुंबईतील समलिंगी पुरुषांची उपसंस्कृती

भेटीगाठी, मैत्री, शरीरसंबंध व करमणूक यांसाठी मुंबईतील समलिंगी पुरुषांनी घडवलेल्या जागा, वेळा, बोली आणि रीती यांना मिळून ‘उपसंस्कृती’ ही संज्ञा वापरली जाते. बर्लिन किंवा न्यूयॉर्कप्रमाणे मुंबईत या पुरुषांचा वेगळा मोहल्ला झाला नाही व कायमचा बारही रुजला नाही. दुसऱ्याच कामासाठी बांधलेल्या जागा ठरावीक वेळेपुरत्या वापरायच्या, ही इथली पद्धत. म्हणून हा इतिहास इमारतींपेक्षा वेळापत्रकांतून अधिक चांगला वाचता येतो.

कायद्याची चौकट वसाहतकालीन होती. भारतीय दंड संहिता १८६० मध्ये संमत झाली व १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्या कलम ३७७ नुसार ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंधास जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती आणि दोघांची संमती असली तरी गुन्हा टळत नसे. रस्त्यावर मात्र या कलमाचा उपयोग खटल्यापेक्षा धाक घालण्यासाठी व पैसे उकळण्यासाठी अधिक झाला. सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनासंबंधीचे मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ मधील कलम ११० हे तुलनेने किरकोळ, पण हाताशी असलेले हत्यार होते. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे दारूचा धंदा परवान्यावर अवलंबून राहिला. परवाना जाईल या भीतीने परमिट रूमचे मालक ‘तसल्या’ गिऱ्हाइकांचा अड्डा होऊ देण्यास सहसा धजत नसत. कायमचा बार न रुजण्याच्या कारणांत कलम ३७७ चा उल्लेख नेहमी होतो. परवाना, जागेचे भाडे आणि कुटुंबासोबत राहणारा ग्राहक ही कारणेही तितकीच वजनदार मानावी लागतात.

संगीत रंगभूमीवरील स्त्रीपार्टी नट किंवा तमाशातील नाच्या यांच्यापासून या उपसंस्कृतीचा आरंभ धरण्याची प्रथा काही लेखनात दिसते. रंगमंचावरील स्त्रीवेश हा नटाच्या खाजगी जीवनाचा पुरावा होत नाही. त्यामुळे हा दुवा सुचवण्यापुरताच ठेवणे बरे.

भेटीच्या जुन्या जागांमध्ये गेटवे ऑफ इंडियाजवळचा समुद्रकठडा, चौपाटी, काही उद्याने आणि चर्चगेटसारख्या मोठ्या स्थानकांतील मुताऱ्या यांचा उल्लेख वारंवार येतो. यांखेरीज खास मुंबईची म्हणावी अशी जागा म्हणजे लोकलचा सेकंड क्लासचा डबा. एरवी अंगाला अंग लागणे ही तक्रारीची बाब. गर्दीच्या वेळी तीच स्वाभाविक ठरते, आणि कोणी पाहिले तरी निमित्त तयार असते. कोणत्या गाडीचा कितवा डबा, हे माहीतगार एकमेकांना सांगत. आर. राज राव यांच्या कवितांवर आधारलेला रियाद वाडिया यांचा ‘बॉमगे’ (१९९६) हा लघुपट आणि राव यांची ‘द बॉयफ्रेंड’ (२००३) ही इंग्रजी कादंबरी यांत हे जग आले आहे.

बोलीतील ‘कोती’ या शब्दाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. बायकी वळणाचा, संबंधात ग्रहण करणारा पुरुष तो कोती आणि त्याचा मर्दानी जोडीदार तो ‘पंथी’ किंवा ‘गिऱ्या’, अशी ढोबळ वाटणी सांगतात. तेलुगू व कन्नडमध्ये ‘कोती’ म्हणजे माकड, म्हणून शब्द दक्षिणेतून आला असे कोणी म्हणतात. अर्थाचा धागा मात्र जुळत नाही. मराठी ‘कोता’ या विशेषणाशी असलेले साम्य केवळ ध्वनीचे दिसते. शब्द हिजड्यांच्या गुप्त बोलीतून आला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मानववंशशास्त्रज्ञ गायत्री रेड्डी यांनी हैदराबादच्या हिजड्यांमध्ये केलेला अभ्यास त्याला पूरक आहे. तेथे हिजडा ही कोतींच्या अनेक प्रकारांपैकी एक प्रकार ठरते. खरा वाद व्युत्पत्तीचा नसून शब्दाच्या वयाचा आहे. लॉरेन्स कोहेन यांच्यासारखे अभ्यासक असे दाखवतात, की १९९० नंतर एड्स-प्रतिबंधाच्या कार्यक्रमांना मोजता येतील असे गट हवे होते आणि त्या गरजेतून ‘कोती’ ही देशभर लागू पडणारी ओळख म्हणून पसरली. शब्द जुना व त्याचा सरसकट वापर नवा, असे मानल्यास दोन्ही मतांना जागा राहते. संबंधात कोती व पंथी अशा दोन्ही भूमिका घेणाऱ्यास ‘डबल डेकर’ म्हणतात. बेस्टची दुमजली बस १९३७ मध्ये सुरू झाल्यामुळे हा शब्द मुंबईचाच मानण्याचा मोह होतो, पण तो दक्षिणेतील शहरांतही आढळतो. इंग्रजी शिकलेल्या वर्गाने यांतले काहीही न घेता ‘गे’ हा शब्द स्वीकारला. लेखी मराठीत ‘समलिंगी’ रुळला असून ‘समलैंगिक’ हे रूप हिंदी वळणाचे वाटते.

पत्रकार अशोक राव कवी यांनी १९८६ मध्ये एका इंग्रजी मासिकातील मुलाखतीत आपली ओळख उघडपणे सांगितली. भारतातील अशा पहिल्या जाहीर कथनांत तिची गणना होते. त्यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींसाठीचे नियतकालिक निघाले, तर १९९४ मध्ये समलिंगी पुरुषांच्या आरोग्यासाठी, विशेषतः एड्स-प्रतिबंधासाठी, काम करणारा ‘हमसफर ट्रस्ट’ स्थापन झाला. सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यात महापालिकेच्या इमारतीत ट्रस्टला जागा मिळाली. कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्यांना पालिकेनेच छप्पर द्यावे, ही विसंगती एड्सच्या धास्तीमुळे शक्य झाली.

१९९० च्या दशकातच कुलाब्यातील आर्थर बंदर रोडवरचा ‘वूडू’ हा पब शनिवारच्या रात्री समलिंगी पुरुषांचा झाला. इतर दिवशी त्याचे गिऱ्हाईक निराळे असे. त्याच जागी पूर्वी ‘स्लिप डिस्क’ हे डिस्कोथेक होते व १९७२ मध्ये ‘लेड झेपेलिन’ या ब्रिटिश रॉक बँडचे गिटारवादक व गायक तेथे कला सादर करून गेले, असे सांगतात. ‘गे बॉम्बे’ हा गट १९९८ मध्ये सुरू झाला. रविवारच्या बैठका व पार्ट्या हे त्याचे मुख्य काम. पार्टीसाठी एखादा पब एका रात्रीपुरता घेतला जाई, ठिकाण ऐनवेळी ओळखीच्यांत फिरे आणि मालकाने नकार दिला की पुढची पार्टी दुसरीकडे होई. या रात्रींमध्ये वर्ग उघड दिसे. प्रवेशशुल्क व दारूचा दर परवडणारा इंग्रजी बोलणारा तरुण आत असे. कठड्यावरचा आणि डब्यातला माणूस बहुधा बाहेरच राही.

१६ ऑगस्ट २००८ रोजी ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत ‘क्विअर’ म्हणजे रूढ लैंगिक चौकटीबाहेरच्या सर्वांचा ‘क्विअर आझादी’ हा मोर्चा निघाला. २०१० मध्ये ‘कशिश’ हा क्विअर चित्रपट महोत्सव सुरू झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना कलम ३७७ मधून वगळले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने संमतीचे संबंध गुन्हा नसल्याचे ठरवले. या खटल्यातील एक याचिकाकर्ते केशव सुरी यांच्या हॉटेल समूहाच्या ‘किट्टी सू’ क्लबमध्ये ड्रॅगचे, म्हणजे बहुधा पुरुषांनी भडक स्त्रीवेशात करायचे, प्रयोग उघड जाहिरात करून होतात.

जोडीदार शोधण्याच्या मोबाइलवरील अ‍ॅपमुळे मुताऱ्या व कठडे यांचे महत्त्व घटले. कलम ११० कायम आहे. परवान्याच्या भीतीची जागा भाड्याच्या गणिताने घेतली असली तरी पार्ट्या अजूनही उसन्या जागेतच भरतात. त्यांची वेळही जुन्याच वेळापत्रकाला बांधलेली आहे: शेवटची लोकल मध्यरात्रीनंतर तासाभरात सुटते, त्यामुळे विरार किंवा कल्याणच्या माणसाला पार्टी रंगात येत असताना निघावे लागते, नाहीतर पहाटे चारनंतरच्या पहिल्या गाडीची वाट पाहत स्थानकाबाहेर थांबावे लागते.