प्रोस्टेट कर्करोगाच्या जनुकीय चाचण्या : मेणाच्या ठोकळ्यांमागचा इतिहास

प्रोस्टेटच्या कर्करोगाचं निदान झालेल्या काही घरांत अलीकडे बायोप्सीनंतर आणखी एक रिपोर्ट येतो. त्यात शून्य ते शंभर किंवा शून्य ते एक यांच्यामधला एक आकडा असतो आणि हा रोग पुढे किती आक्रमकपणे वागण्याची शक्यता आहे, ते त्या आकड्यावरून ठरवायचं असतं. घरच्यांना हे भविष्य सांगितल्यासारखं वाटतं. त्या आकड्यामागे मात्र वीस-पंचवीस वर्षांपूर्वी उपचार झालेली शेकडो माणसं उभी आहेत. त्यांच्या गाठींचे तुकडे मेणात जपून ठेवलेले होते, आणि त्या माणसांचं पुढे काय झालं याची नोंदही कुणीतरी ठेवली होती. दोन्ही गोष्टी एकत्र सापडल्या, म्हणून या चाचण्या तयार होऊ शकल्या.

मूळ कोडं जुनं आहे. १९३५ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट अर्नोल्ड रिच यांनी पन्नाशी ओलांडलेल्या २९२ पुरुषांच्या शवविच्छेदनातले प्रोस्टेट तपासले. त्यांतल्या सुमारे १४ टक्के पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये कर्करोगाच्या पेशी सापडल्या. हयात असताना त्याचा कुणाला संशयही आला नव्हता. एकीकडे हाडांत पसरून माणसाला अंथरुणाला खिळवणारा रोग, आणि दुसरीकडे त्याच नावाचा, वर्षानुवर्षं गप्प बसणारा रोग. सूक्ष्मदर्शकाखाली दोघेही कर्करोगच. मग ओळखायचं कसं?

याचं पहिलं टिकाऊ उत्तर मिनियापोलिसमध्ये मिळालं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी १९६०च्या सुमारास प्रोस्टेट कर्करोगावरच्या उपचारांचा एक मोठा सामायिक अभ्यास सुरू केला होता. तिथले मूत्रविकारतज्ज्ञ जॉर्ज मेलिंजर यांना गाठींची प्रतवारी करण्याची एक सुसूत्र पद्धत हवी होती. त्यांनी हे काम डोनाल्ड ग्लीसन या पॅथॉलॉजिस्टवर सोपवलं. प्रतवारीच्या पद्धती त्याआधीही होत्या, पण त्या बहुतेक करून तज्ज्ञाच्या मतावर चालायच्या. ग्लीसन यांनी मत बाजूला ठेवलं. स्लाइडमध्ये ग्रंथींची मांडणी कशी दिसते त्याचे नमुने काढले, अगदी हाताने रेखाटून, आणि त्यांना १ ते ५ असे आकडे दिले. कोणता नमुना वाईट, हे त्यांनी स्वतः ठरवलं नाही. ते आकडे संख्याशास्त्रज्ञांकडे गेले आणि रुग्णांच्या मृत्यूंच्या नोंदींशी ताडून पाहिले गेले.

१९६६ साली पहिला निबंध आला, २७० रुग्णांवरचा. एकाच गाठीत दोन वेगवेगळे नमुने दिसायचे, आणि सर्वांत वाईट नमुनाच निर्णायक असेल अशी साहजिक अपेक्षा होती. आकडे वेगळंच सांगत होते. दोन्ही नमुन्यांची बेरीज घेतली तर मृत्यूशी संबंध अधिक नीट जुळत होता. आजही रिपोर्टवर दिसणारं ३+४ किंवा ४+३ तिथून आलं. अर्धशतकाहून जास्त काळ जगभर टिकलेली ही पद्धत अशी साधी होती: तुकडा पाहा, माणसाची वाट पाहा, मग मागे वळून दोन्ही जोडा. पुढे जनुकांच्या जमान्यातही पद्धत हीच राहिली, फक्त डोळ्यांच्या जागी यंत्र आलं.

मधल्या काळात रोग सापडण्याची रीतच बदलली. १९७९ साली बफेलोच्या रॉसवेल पार्क संस्थेत पीएसए हे प्रथिन प्रोस्टेटमधून वेगळं केलं गेलं; प्रोस्टेटच्या रोगात त्याचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. १९८६मध्ये उपचार झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी आणि १९९४मध्ये निदानाला मदत म्हणून पीएसएच्या रक्ततपासणीला अमेरिकेत मान्यता मिळाली. पण मान्यतेची वाट न पाहताच डॉक्टर ती निरोगी पुरुषांवरही करू लागले होते. १९९२ साली अमेरिकेत प्रोस्टेट कर्करोगाच्या नव्या निदानांनी उच्चांक गाठला. रिच यांनी शवविच्छेदनात पाहिलेला गप्प बसणारा रोग आता जिवंत, धडधाकट माणसांत सापडू लागला आणि त्यांच्यावर शस्त्रक्रिया होऊ लागल्या. कुणाला आयुष्यभर लघवीवर ताबा राहिला नाही, कुणाचं लैंगिक जीवन संपलं. त्यांतल्या अनेकांना त्या गाठीने कधीच काही केलं नसतं. या प्रकरणाबद्दल वाचताना मला दर वेळी हळहळ वाटते, कारण यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. न्यूयॉर्कचे शल्यविशारद विलेट व्हिटमोर यांनी हा पेच फार आधी शब्दांत पकडला होता: ज्यांना बरं करणं गरजेचं आहे त्यांना बरं करता येतं का, आणि ज्यांना बरं करता येतं त्यांना ते गरजेचं आहे का?

टोरांटोचे लॉरेन्स क्लॉट्झ यांनी १९९५च्या सुमारास दुसरी वाट धरली. सौम्य दिसणाऱ्या गाठीला हात लावायचा नाही, मात्र पीएसए आणि पुन्हा पुन्हा बायोप्सी करून तिच्यावर नजर ठेवायची. अशा सक्रिय देखरेखीला सुरुवातीला बराच विरोध झाला. ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ या उपचारांची तुलना करणाऱ्या चाचणीने पुढे तिला भक्कम आधार दिला. १,६४३ पुरुषांची चिठ्ठी टाकल्याप्रमाणे देखरेख, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन अशा तीन गटांत विभागणी झाली होती. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३मध्ये आले. तिन्ही गट मिळून प्रोस्टेट कर्करोगाने दगावलेले ४५, म्हणजे २.७ टक्के, आणि गटागटांत मृत्यूंचा म्हणावा असा फरक नाही. रोग इतरत्र पसरण्याचं प्रमाण मात्र देखरेखीच्या गटात ९.४ टक्के होतं, शस्त्रक्रियेच्या गटात ४.७ आणि रेडिएशनच्या गटात ५ टक्के.

त्या ९.४ टक्क्यांत कोण येणार, हे पहिल्याच दिवशी कळलं तर? सगळ्या जनुकीय चाचण्यांची खटपट या एका प्रश्नासाठी आहे. ग्लीसनची बेरीज इथे अपुरी पडते. दोन पॅथॉलॉजिस्ट एकाच स्लाइडला वेगळे आकडे देऊ शकतात. शिवाय २००५ साली पद्धतीत दुरुस्ती झाल्यापासून बायोप्सीत ६ पेक्षा कमी आकडा जवळपास दिलाच जात नाही. सर्वांत सौम्य रोग असलेल्या माणसालाही ‘दहापैकी सहा’ ऐकावं लागतं, आणि तो घाबरून जातो. ही भीती कमी व्हावी म्हणून २०१४मध्ये १ ते ५ असे नवे गट ठरवले गेले. पण एकाच गटात बसलेल्या दोन माणसांचं नशीब वेगळं का निघतं, याचं उत्तर मांडणीत नसतं, ते पेशीच्या आत असतं.

पेशीच्या आत पाहायचं म्हणजे काय? शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात. कोणती जनुकं कामाला लागली आहेत आणि किती जोरात, हे त्यांच्यापासून तयार होणाऱ्या आरएनएवरून कळतं. एकाच वेळी हजारो जनुकांचा आरएनए मोजण्याचं तंत्र १९९०च्या दशकाच्या मध्यावर हाती आलं. अडचण वेगळीच होती. आरएनए फार नाजूक असतो, आणि रुग्णालयांत तुकडे जपले जातात ते फॉर्मॅलिनमध्ये भिजवून मेणाच्या ठोकळ्यात. टाटा हॉस्पिटलला आपलं माणूस घेऊन गेलेल्यांना ‘स्लाइड आणि ब्लॉक घेऊन या’ हे वाक्य पाठ असतं. तोच हा ब्लॉक. फॉर्मॅलिनमुळे आरएनएचे बारीक तुकडे होतात. ताजा, गोठवलेला तुकडा वापरणं सोपं होतं, पण ताज्या तुकड्याच्या मालकाचं पुढे काय होणार ते कळायला पंधरा वर्षं थांबावं लागलं असतं. प्रोस्टेटचा रोग सावकाश चालतो, आणि त्याचा अभ्यासही त्याच चालीने चालतो.

म्हणून जुन्या ठोकळ्यांतल्या तुटक्या आरएनएवरूनच मोजमाप करण्याचं कसब आधी साधावं लागलं. ते स्तनाच्या कर्करोगात साधलं. कॅलिफोर्नियातल्या जीनोमिक हेल्थ या कंपनीने २००४मध्ये २१ जनुकांची चाचणी आणली आणि केमोथेरपी कुणाला टाळता येईल हे ठरवायला तिचा उपयोग होऊ लागला. मग प्रोस्टेटचे ठोकळे कपाटांतून बाहेर निघाले.

लंडनचे संख्याशास्त्रज्ञ जॅक कुझिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला या सगळ्यांत विशेष वाटतो. त्यांच्याकडचा एक गट ब्रिटिश पुरुषांचा होता. लघवी अडते म्हणून दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडलेले हे पुरुष. खरवडलेल्या तुकड्यांत कर्करोग अनपेक्षितपणे सापडला, आणि त्या काळच्या रीतीनुसार त्यावर लगेच उपचार झाले नाहीत. उपचारांची ढवळाढवळ न होता हा रोग कसा चालतो, याची जणू वहीच त्यांच्या नोंदींत होती. पेशींचं विभाजन किती वेगाने चाललं आहे हे दाखवणारी ३१ जनुकं निवडून त्यांची सरासरी काढली गेली, आणि ती सरासरी रुग्णांच्या मृत्यूंशी चांगली जुळली. प्रोलॅरिस ही चाचणी त्यावर उभी आहे. जीनोमिक हेल्थने २०१३मध्ये प्रोस्टेटसाठी १७ जनुकांची ऑन्कोटाइप चाचणी आणली. बायोप्सीत मिळणाऱ्या इवल्याशा नमुन्यावरही ती चालेल, अशा बेताने ती घडवलेली होती.

तिसरी, डिसायफर, मिनेसोटातल्या रोचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये जपलेल्या नमुन्यांवर घडली. ग्लीसन यांच्या मिनियापोलिसपासून हे गाव दीडशे किलोमीटरच्या आत आहे. १९८७ ते २००१ या काळात प्रोस्टेट काढलेल्या ५४५ पुरुषांचे ठोकळे तिथे होते आणि प्रत्येकाचा पुढचा पाठपुरावाही. आरएनएच्या लाखो खुणा तपासून शेवटी २२ निवडल्या गेल्या. कोणत्या खुणा महत्त्वाच्या हे इथेही कुणा तज्ज्ञाच्या मताने ठरलं नाही, रोग कुणात पसरला आणि कुणात नाही त्यावरून ठरलं. ग्लीसन यांना ही रीत ओळखीची वाटली असती. २००८ साली ते वारले, आणि डिसायफरचा निबंध २०१३चा.

या काळातला सर्वांत गाजलेला शोध मात्र भाकिताच्या कामी फारसा आला नाही. २००५ साली मिशिगन विद्यापीठात अरुल चिन्नय्यन यांच्या गटाने दाखवलं की प्रोस्टेटच्या बऱ्याच गाठींत दोन जनुकं तुटून एकमेकांना चिकटलेली असतात. पाश्चात्त्य रुग्णांच्या जवळपास निम्म्या गाठींत हा जोड आढळतो. रोग कसा सुरू होतो ते समजायला त्याची फार मदत झाली, पण तो असल्या-नसल्याने माणसाचं पुढे काय होईल हे खात्रीने सांगता येत नाही. कारण कळलं म्हणजे परिणाम कळतो असं नाही, हे इथे स्पष्ट दिसलं.

आतापर्यंतची गोष्ट गाठीच्या जनुकांची झाली. आईवडिलांकडून आलेल्या जनुकांची गोष्ट निराळी आहे, आणि नातेवाइकांचा सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. ही तपासणी रक्तावर किंवा लाळेवर होते आणि तिचं उत्तर मुलामुलींनाही लागू पडू शकतं. १९९०मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेल्या बीआरसीए-१ जनुकाची जागा दाखवली. १९९४-९५मध्ये बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही दोन्ही जनुकं हाती आली. पुरुषांकडे लक्ष जायला वेळ लागला. रोग पसरलेल्या ६९२ पुरुषांचा अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ११.८ टक्क्यांत डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकांत जन्मजात बिघाड सापडला, आणि एकट्या बीआरसीए-२चा वाटा ५.३ टक्के होता. असा बिघाड असलेल्यांत रोग अधिक आक्रमक असतो, पण त्याच बिघाडावर नेम धरणारं औषधही आहे. इतर उपचारांना दाद न देणाऱ्या, पसरलेल्या रोगासाठी ओलापॅरिबला अमेरिकेत मे २०२०मध्ये मान्यता मिळाली. वडिलांच्या प्रोस्टेटच्या रिपोर्टवरून लेकीला स्तनाच्या कर्करोगाचा धोका वेळीच कळू शकतो, ही गोष्ट आपल्याकडे डॉक्टरांनी घरच्यांना समोर बसवून सांगायला हवी.

गाठीच्या चाचण्यांच्या मर्यादा उघड आहेत. एकाच प्रोस्टेटमध्ये कर्करोगाची दोन-तीन केंद्रं असू शकतात आणि सुई कोणत्या केंद्रात गेली त्यावर आकडा बदलू शकतो. ‘धोका जास्त’ हे सांगणं वेगळं आणि ‘हा उपचार केल्याने फायदा होईल’ हे सांगणं वेगळं. दुसऱ्या प्रश्नाकडे जाणारं एक पाऊल २०२१मध्ये पडलं. त्यासाठी १९९८मध्ये सुरू झालेल्या एका अमेरिकी उपचार-चाचणीतले ठोकळे वापरले गेले. शस्त्रक्रियेनंतर पीएसए पुन्हा वाढू लागलेल्या पुरुषांना रेडिएशनसोबत हार्मोनविरोधी गोळ्या द्याव्यात का, हा त्या चाचणीचा प्रश्न होता. डिसायफरचा आकडा कमी आणि पीएसएही कमी असलेल्यांना गोळ्यांचा लाभ फारसा झाला नव्हता. आता आकडा पाहून उपचार कमी-जास्त करणाऱ्या नव्या उपचार-चाचण्या सुरू आहेत.

आपल्याकडचा पेच वेगळ्या जागी आहे. भारतात पुष्कळ रुग्ण येतात तेच रोग हाडांत पोचल्यावर, तेव्हा ‘गाठीला हात लावावा की नको’ हा प्रश्नच उरलेला नसतो. त्यांच्यासाठी बीआरसीएची तपासणी जास्त कामाची. वेळेत निदान झालेल्या माणसाला यांतल्या एखाद्या महागड्या चाचणीचा आकडा मिळाला, तरी तो ज्या माणसांशी तुलना करून काढलेला असतो ती मुख्यतः अमेरिकेतली आणि युरोपातली गोरी माणसं असतात. तो आकडा सातारा-सोलापूरच्या माणसाला कितपत लागू पडतो, हे तपासायचं तर आपल्याच माणसांचे जुने ठोकळे आणि त्यांचं पुढे काय झालं याची नोंद, दोन्ही हवं. ठोकळा आपल्याकडे पुष्कळदा रुग्णाच्या पिशवीतून एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरतो आणि शेवटी घरच्या कपाटात रिपोर्टांच्या फायलीत राहतो. उपचार संपले की माणूस गावी जातो, पाच-सात वर्षांत फोन नंबर बदलतो, आणि पुढचं दवाखान्याला कळत नाही.